पाडण्याआधी, तोडण्याआधी : वटवाघळांसाठी इमारतीची आणि झाडाची पाहणी



उन्हाळी सुट्टी जवळ आली की शाळांमध्ये दुरुस्तीची कामं निघतात. कौलं उतरवायची असतात, जुनी खोली पाडायची असते, पावसाळ्याआधी वर्गावर आलेली फांदी तोडायची असते. अंदाजपत्रक होतं, ठराव होतो, मजूर ठरतात. पण त्या छपरात किंवा त्या झाडात कोण राहतं, हे बघायचं कुणाच्या यादीतच नसतं. आजचा लेख त्याबद्दल आहे. परिसर अभ्यासात हा उपक्रम छान बसतो, पण मी तो गुणांसाठी सुरू केला नाही. कारण आधी सांगते.

एक प्रसंग

मी पूर्वी ज्या शाळेत होते तिथे एक जुनी कौलारू खोली होती. वर्ग भरत नसे, सामान ठेवायचो. तिच्या व्हरांड्यात रोज सकाळी काळ्या बारीक लेंड्या पडलेल्या असायच्या. मुलं नाक दाबायची, "बाई, वास येतो" म्हणायची. आम्ही झाडून काढायचो आणि परिपाठाला लागायचो.

खोली पाडायला परवानगी आली आणि मे महिन्यात, भर दुपारी, मजुरांनी कौलं उतरवायला सुरुवात केली. आढ्यातून वटवाघळं बाहेर पडली. लख्ख उन्हात ती सैरभैर उडत होती आणि कावळे त्यांच्यावर तुटून पडले होते. खाली मातीत पिल्लं पडली होती. गुलाबी, बोटाच्या पेराएवढी. कामाची गंमत बघायला आलेल्या एका चौथीतल्या मुलीने मला विचारलं, "बाई, तुम्हाला माहीत नव्हतं?"

खरं उत्तर असं होतं, की पुरावा मी रोज केरसुणीने गोळा करत होते. पण कधी मान वर करून बघितलं नव्हतं.

ती आपल्या छपरात का येतात?

भारतात वटवाघळांच्या सव्वाशेहून जास्त जाती आहेत. ढोबळमानाने दोन गट करू. एक फळं आणि मध खाणारी, दुसरी मुख्यतः किडे खाणारी. वडा-पिंपळावर उलटी लटकलेली मोठी वटवाघळं पहिल्या गटातली. घरांच्या फटीत राहणारी छोटी वटवाघळं बहुतेक दुसऱ्या गटातली. आमच्याकडे त्यांना 'पाकोळी' म्हणतात. छताला मातीचं घरटं करणाऱ्या पक्ष्यालाही तेच नाव आहे, त्यामुळे मुलांचा गोंधळ होतो. पक्षी अंडी घालतो. वटवाघूळ सस्तन आहे, पिल्लाला दूध पाजतं.

छोट्या वटवाघळांना मूळची जागा म्हणजे खडकाची भेग किंवा झाडाची ढोली. जुनी ढोलीची झाडं कमी झाली, तशी कौलाखालची फट, भिंतीची चीर, देवळाचा गाभारा ही त्यांची घरं झाली. अंगठा जाईल एवढी फट त्यांना पुरते.

ती रात्रभर डास, पतंग, पिकांवरचे किडे खातात. फळं खाणारी वटवाघळं वड, उंबर यांच्या बिया दूरवर टाकतात. गोरखचिंचेची फुलं रात्री उमलतात, तिथे परागीभवनाला तीच येतात. आणि एक महत्त्वाची गोष्ट : उंदरासारखी त्यांची भराभर वीण होत नाही. बहुतेक जातींची मादी एका वेळी एकच पिल्लू देते. म्हणून एका दुपारी मोडलेली वसाहत भरून यायला कितीतरी वर्षं लागतात.

पाहणी म्हणजे नेमकं काय?

ब्रिटनमध्ये १९८१ च्या वन्यजीव कायद्यापासून वटवाघळांच्या राहण्याच्या जागेला संरक्षण आहे. त्या वेळी वटवाघूळ आत नसलं तरी जागा मोडता येत नाही. त्यामुळे तिथे जुनं घर पाडण्याआधी किंवा छप्पर बदलण्याआधी वटवाघळं असण्याची शक्यता दिसली, तर जाणकाराकडून पाहणी करून घ्यावी लागते. तिचे दोन टप्पे असतात : आधी दिवसा खुणा शोधायच्या, मग खुणा किंवा योग्य फटी सापडल्या तर संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या वटवाघळांची मोजणी करायची. आपल्याकडे अशी सक्तीची रीत नाही, पण ही पद्धत आपल्याला सहज वापरता येते. साहित्य लागतं ते वही, पेन, घड्याळ आणि जमली तर दुर्बीण.

टप्पा १ : दिवसा इमारत बघणं

इमारतीला बाहेरून सावकाश एक फेरी मारा. मुलांना शिडीवर चढवायचं नाही, आत अंधाऱ्या खोलीत पाठवायचं नाही. जमिनीवरूनच पुष्कळ दिसतं.

१. फटी : वळचण, आढ्याची कौलं, भिंत आणि वासा यांमधली जागा, पत्र्याच्या पन्हळी, खिडकीच्या चौकटीमागची चीर.

२. लेंड्या : उंदराच्या आणि छोट्या वटवाघळाच्या लेंड्या दिसायला सारख्याच. काडीने कागदावर दाबून बघा. उंदराची वाळलेली लेंडी टणक राहते, वटवाघळाची भुगा होते आणि त्यात किड्यांच्या पंखांचे चकचकीत कण दिसतात. शिवाय वटवाघळाच्या लेंड्या फटीच्या बरोबर खाली जमिनीवर पडतात, काही भिंतीलाही चिकटतात.

३. डाग : रोज एकाच फटीतून ये-जा झाली की तिच्या कडेला काळपट तेलकट डाग पडतो.

४. खाण्याच्या खुणा : व्हरांड्यात सकाळी कुरतडलेली देशी बदामाची फळं किंवा चोथा पडलेला दिसला तर तिथे रात्री फळं खाणारं वटवाघूळ बसून जातं.

५. इतर रहिवासी : चिमण्यांची आणि पाकोळ्यांची घरटी, गव्हाणी घुबड. या घुबडाच्या जागेखाली पांढरे ओघळ आणि केस-हाडांच्या गोळ्या सापडतात. न पचलेला भाग ते तोंडाने बाहेर टाकतं. आत उंदरांच्या कवट्या असतात. घुबडाला अपशकुनी म्हणणाऱ्यांना या गोळ्या दाखवाव्यात, धान्याची राखण कोण करतं ते कळतं.

टप्पा २ : झाड बघणं

झाडाभोवती चारही बाजूंनी फिरून बुंध्यापासून शेंड्यापर्यंत बघा. सुतार पक्ष्याने किंवा तांबटाने कोरलेली भोकं, फांदी मोडून झालेली ढोली, सुटलेली साल, वीज पडून गेलेली चीर हे सगळं वहीत काढा. ढोलीच्या तोंडाशी कडा गुळगुळीत झाल्या असतील, खाली ओला डाग असेल, तर ती वापरात असण्याची शक्यता जास्त. पिंगळा, पोपट, मैना, खार, कोकणात धनेश, सगळ्यांना ढोली लागते. यांतले पोपट, मैना आणि धनेश स्वतः ढोली कोरू शकत नाहीत. म्हणून वाळका खोड किंवा पोकळ फांदी म्हणजे 'मेलेलं झाड' असं समजू नये. राहणाऱ्यांच्या दृष्टीने बऱ्याचदा तोच झाडाचा सगळ्यात मोलाचा भाग असतो.

टप्पा ३ : संध्याकाळची मोजणी

खुणा सापडल्या तर सूर्यास्ताआधी पंधरा मिनिटं जागेवर बसायचं आणि अंधार पडल्यावर साधारण दीड तास थांबायचं. इमारतीच्या प्रत्येक बाजूला एक मोठा माणूस आणि एक-दोन मुलं. पालक सोबत हवेतच. बोलायचं नाही, फ्लॅश मारायचा नाही, फटीवर टॉर्च धरायचा नाही. आकाशाकडे तोंड करून बसलं की काळी आकृती आपोआप दिसते.

वहीत तीन रकाने : वेळ, बाहेर, आत. काही वटवाघळं लगेच परत आत शिरतात. समजा ४१ बाहेर गेली आणि ६ आत आली, तर बाहेर राहिलेली ३५. वजाबाकीचं इतकं जिवंत उदाहरण मला पुस्तकात मिळालेलं नाही. पाऊस किंवा जोराचा वारा असेल त्या दिवशी मोजू नये. आणि एका संध्याकाळी काही दिसलं नाही म्हणजे तिथे कुणी नाही, असंही नाही. निदान दोन-तीन वेळा बसावं.

मग काम कधी करायचं?

इथे परदेशातली वेळापत्रकं जशीच्या तशी उचलता येत नाहीत. ब्रिटनमध्ये वटवाघळांची पिल्लं उन्हाळ्यात होतात आणि थंडीत ती शीतनिद्रेत जातात, त्यामुळे कोणते महिने टाळायचे ते ठरलेलं आहे. आपल्याकडे जातीजातीत फरक आहे. फळं खाणाऱ्या एका सर्रास दिसणाऱ्या छोट्या वटवाघळाची वर्षात दोनदा वीण होते, एकदा उन्हाळ्याच्या तोंडावर आणि एकदा पावसाळ्यात. म्हणजे 'अमुक महिन्यात खुशाल तोडा' असं सरसकट सांगता येत नाही. म्हणूनच प्रत्यक्ष बघावं लागतं. आणि आपली दुरुस्तीची वेळ म्हणजे एप्रिल-मे. अनेक पक्ष्यांची आणि काही वटवाघळांची पिल्लं नेमकी तेव्हाच असतात.

माझा सल्ला असा : पहिली पाहणी दिवाळीनंतर करा, म्हणजे काम ठरण्याआधी माहिती हातात असते. कामाच्या आठवड्यात पुन्हा बघा. पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत थांबा, हे काही आठवड्यांचंच असतं. पिल्लं नाहीत याची खात्री झाली की फटीवर वरून कापड किंवा बारीक जाळी सैल सोडतात. आतलं वटवाघूळ खालून सरकून बाहेर पडतं, पण परत शिरू शकत नाही. काही रात्री असं ठेवून मगच फट बुजवायची. हे मात्र जाणकाराला विचारूनच करा. थेट सिमेंट भरलं तर आतले जीव आतच मरतात.

आरोग्य : पालकांच्या मनातला प्रश्न

निपाहचं नाव ऐकून पालक घाबरतात, ते साहजिक आहे. २०१८ मध्ये केरळात साथ आली होती. २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून पकडलेल्या वटवाघळांमध्येही पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला निपाहच्या खुणा आढळल्या होत्या. म्हणून नियम कडक ठेवायचे. जिवंत किंवा मेलेल्या वटवाघळाला हात लावायचा नाही. कुरतडलेलं फळ खायचं नाही. लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत, मोठ्यांनी मास्क बांधून, पाणी शिंपडून गोळा करायच्या. चावा किंवा ओरखडा झालाच तर साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं.

पण हुसकावणं, धूर करणं, झाड तोडणं हा उपाय नाही. वसाहत मोडली की ती घराघरात विखुरतात, आणि ताण पडलेल्या प्राण्यांतून विषाणू बाहेर पडण्याची शक्यता वाढते. लांबून, खाली बसून मोजणं हे त्यांना हात घालण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे.

कायदा थोडक्यात

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळं खाणारी वटवाघळं बराच काळ कावळा-उंदरांसोबत 'उपद्रवी' यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली, आणि ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. संरक्षित पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं हे या कायद्यात 'शिकार' म्हणूनच धरलं जातं. झाडांसाठी शहरी भागात १९७५ चा कायदा आहे. २०२१ पासून त्यात ५० वर्षांहून जुन्या झाडाला 'हेरिटेज ट्री'चा दर्जा मिळाला. ग्रामीण भागात १९६४ च्या कायद्याप्रमाणे आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह अशी ठरावीक झाडं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

आमच्या शाळेत काय झालं

आताच्या शाळेत वर्गाशेजारी एक जुना आंबा आहे. एक फांदी थेट छपरावर आली होती. शाळा व्यवस्थापन समितीत सूर निघाला, "बाई, मुळातूनच काढून टाकू, कटकट नको." मी पंधरा दिवस मागून घेतले. मुलांनी नकाशा काढला, ढोल्यांना आकडे दिले. तीन नंबरच्या ढोलीतून संध्याकाळी पिंगळा डोकावला. धोकादायक फांदीत मात्र एकही ढोली नव्हती. परवानगी घेऊन तेवढी फांदी उतरवली, झाड राहिलं.

सामानाच्या खोलीचं तेवढं सोपं झालं नाही. तिथे वटवाघळं निघाली, मोजणीत पोटाला पिल्लू धरून उडणाऱ्या माद्याही दिसल्या. आम्ही छपराचं काम दुसऱ्या टोकापासून सुरू केलं आणि हे टोक पुढे ढकललं. त्या पावसाळ्यात एक कोपरा गळला, वास राहिला, एका पालकांनी मला सभेत चांगलंच सुनावलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. वर्ग दुसऱ्या खोलीत हलवला आणि ते चार महिने काढले. पिल्लं गेल्याची खात्री करूनच नवीन कौलं चढली.

वर्गात कसं घ्याल?

- तिसरी-चौथी : शाळेचा नकाशा काढून 'आपल्यासोबत कोण राहतं' याच्या खुणा करणं.
- पाचवी : तीन संध्याकाळच्या मोजणीचा स्तंभालेख.
- भाषा : आजी-आजोबांना विचारून गावातल्या जुन्या ढोलीच्या झाडांची यादी.
- सर्वांसाठी : पाहणीचं एक पान शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत मुलांनीच वाचून दाखवणं.

शेवटची कृती चुकवू नका. ठराव लिहिण्याआधी ते पान टेबलावर आलं तरच त्याचा उपयोग. पुढच्या वेळी "बाई, तुम्हाला माहीत नव्हतं?" असं कुणी विचारलं, तर निदान आपल्याकडे वही असेल.

आपल्या शाळेत दुरुस्ती निघाली असेल, तर आज संध्याकाळी सूर्यास्ताआधी पंधरा मिनिटं अंगणात बसून बघा.