खिडकी खासगी, शिक्का वकिलातीचा

व्हिसासाठी यवतमाळहून धामणगाव गाठायचे, रात्रीची गाडी धरायची आणि मुंबईत उतरताच वकिलातीपुढे रांग लावायची, हे आमच्या जुन्या कारागिरांना ठाऊक आहे. ती रांग हलली २००१ साली. मुंबईतील अमेरिकन वकिलातीने अर्ज स्वीकारण्याचे काम कुओनी या प्रवासी कंपनीच्या व्हीएफएसकडे सोपवले. कल्पना झुबिन करकरिया यांची. मग इतर देशही त्याच वाटेने गेले.

वकिलातीचा खर्च वाचला, तो अर्जदाराच्या खिशातून निघाला. व्हिसाच्या फीवर वेगळे सेवाशुल्क आले. अर्ज नामंजूर झाला तरी ते परत मिळत नाही. अब्रूचाही प्रश्न आहेच. ब्रिटनच्या व्हिसासाठी भारतातून भरलेल्या अर्जांची माहिती परक्यांना दिसू शकते, हे २००७ मध्ये उघड झाले होते.

खिडकीवरचा माणूस कागद व बोटांचे ठसे घेतो; व्हिसा देणे त्याच्या हातात नाही. मग त्याच्या ‘ओळखीचा’ दलाल तो कुठून आणणार? तरीही पुसद, उमरखेडकडचे वेल्डर, गवंडी अशा माणसाच्या हाती दागिने मोडून पैसे ठेवतात. आमच्याकडे आलेल्या एका पावतीवर तर परवाना क्रमांकच नव्हता!

आखातात कामाला पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परवाना लागतो. कामगाराकडून त्याला जास्तीत जास्त ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी घेता येतो. परवाना खरा की खोटा, हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. रक्कम बँकेतून द्यावी, पावती घ्यावी आणि पासपोर्टची झेरॉक्स घरी ठेवावी.