नोटेवरचे पूल आणि ऱ्हाइनवरची ट्राम

आजचा विषय ऐकायला जरा जड वाटेल, पण इअरफोन काढू नका. प्रश्न साधा आहे. दोन देशांमधली सीमा पुसली, की तिथली माणसं आपोआप ‘आपण’ होतात का?

उदाहरण युरोपचं घेऊ. लक्झेंबर्गमध्ये मोझेल नदीकाठी शेंगेन नावाचं छोटंसं गाव आहे. फ्रान्स, जर्मनी आणि लक्झेंबर्गच्या हद्दी तिथे एकमेकींना भेटतात. १४ जून १९८५ ला तिथे नदीतल्या एका बोटीवर पाच देशांनी करार केला, की आपापसातल्या सीमांवरची तपासणी हळूहळू बंद करायची. प्रत्यक्षात यायला मार्च १९९५ उजाडला. आज त्यात २९ देश आहेत. आपण ज्याला ‘शेंगेन व्हिसा’ म्हणतो ना, तो याच गावाच्या नावाचा.

आता गंमत बघा. चौक्या ओस पडल्या, पण मनातलं काय? ते घडवायलाही रीतसर प्रयत्न झाले. २००२ मध्ये युरोच्या नोटा आल्या, तेव्हा अडचण अशी, की चित्र कुणाचं छापायचं? आपल्या नोटेवर गांधीजी आहेत, मागे भाषांच्या यादीत मराठीही आहे. तिथे एका देशाचा नायक म्हणजे कदाचित शेजाऱ्याचा शत्रू! मग ऑस्ट्रियाच्या रॉबर्ट कालिना यांनी पूल, दारं आणि खिडक्या काढल्या. वेगवेगळ्या काळातल्या शैलीच्या, पण खऱ्याखुऱ्या कुठेच नसलेल्या. कुणी म्हणायला नको, ‘हा तर आमचा पूल.’ आणि पुढे काय व्हावं? नेदरलँड्समधल्या स्पाइकेनिसे गावाने ते सगळे पूल खरोखर बांधून टाकले, अगदी नोटांच्या रंगात! मला हा किस्सा फार आवडतो. बरं, युरोपियन युनियनच्या राष्ट्रगीतासारख्या गाण्याचंही तसंच आहे. धून बेथोव्हेनची, पण अधिकृत शब्दच नाहीत. २४ अधिकृत भाषांपैकी कुठल्या भाषेत गाणार?

माझं मत सांगू? कुणालाच खटकू नये म्हणून जे बनवतात, ते कुणाच्या जिवाभावाचं होत नाही.

त्यापेक्षा स्ट्रासबुर्गची ट्राम बघा. फ्रान्समधलं हे शहर ऱ्हाइनकाठी आहे आणि पलीकडे जर्मनीचं केल. १८७१ ते १९४५ या काळात स्ट्रासबुर्गवरचा ताबा चार वेळा बदलला. म्हणजे एखादी आजी घर न बदलताच कधी जर्मन, कधी फ्रेंच झाली असेल. त्याच ऱ्हाइनवरून एप्रिल २०१७ पासून ट्राम धावते. लोक त्यातून काय करतात? फ्रान्समधले केलला जाऊन स्वस्त सामान आणि सिगारेटी आणतात. बंधुभावाची भाषणं वगैरे कुणी करत नाही. पण रोजची ये-जा सुरू झाली, की पलीकडचा माणूस ‘परका’ राहत नाही, ‘त्या दुकानातला’ होतो.

हे किती खोल गेलं होतं, ते कळलं मार्च २०२० मध्ये. जर्मनीतलं कॉन्स्टान्झ आणि स्वित्झर्लंडमधलं क्रॉइत्सलिंगेन ही एकमेकांना चिकटलेली शहरं. तिथलं जुनं कुंपण काढून २२ शिल्पं उभी केलेली. करोना आला आणि त्याच जागी पुन्हा जाळी लागली. मित्रमैत्रिणी, जोडपी, म्हातारे आईवडील जाळीला टेकून बोलायला लागले, हात धरायला लागले. मग संसर्गाच्या भीतीने दोन मीटरवर दुसरं कुंपण घातलं! मे महिन्यात दोन्ही निघाली. त्या लोकांना कुणी विचारलं असतं, तुमची ‘युरोपियन ओळख’ काय, तर ते गोंधळले असते. पण जाळीपलीकडे आपलं माणूस आहे, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मात्र एक गोष्ट सुटायला नको. ही ये-जा ज्यांच्या वाट्याला येते, त्यांनाच ती ओळख मिळते. १९८७ ला सुरू झालेल्या इरॅस्मस योजनेतून दुसऱ्या देशात शिकून आलेली मुलगी आणि आपल्या गावाबाहेर न पडलेला, कारखाना बंद पडलेला कामगार, या दोघांचा युरोप एकच कसा असेल? आणि आत दारं उघडी, तर बाहेरची भिंत तेवढीच जाड. आपल्यापैकी कुणी व्हिसासाठी बँक स्टेटमेंट, विमा, हॉटेलचं बुकिंग असा गठ्ठा घेऊन उभं राहिलं असेल, तर त्याला हे वेगळं सांगायला नको. टुरिस्ट म्हणून आत गेलात तरी मुक्काम १८० दिवसांत ९० दिवसच.

आणि आता आतली दारंही किलकिली होतायत. सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मनीने, बेकायदा स्थलांतर आणि सुरक्षेचं कारण देत, आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली. नियमात तशी तात्पुरती मुभा आहे. ती सहा महिन्यांसाठी होती, नंतर वाढवली. त्या सीमांमध्ये फ्रान्सची सीमाही आली, म्हणजे केलच्या ट्रामचा तो पूलसुद्धा.