जुन्या मोटारीचें पेट्रोल कोठें अडतें?

सोलापूर-धुळे महामार्गावरील तेरखेडा हें गांव शोभेच्या दारूसाठीं प्रसिद्ध आहे. वैशाखांतल्या दुपारीं त्या रस्त्यानें एखादी जुनी पद्मिनी मोटार निघावी, सपाटीवर सुरळीत चालावी आणि चढ लागतांच आचके देऊन थांबावी, असा प्रसंग जुनी मोटार जपणाऱ्यांस नवा नाहीं. सोलापुरांत जन्मलेले वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची ही मोटार आतां निघत नाहीं. म्हणून एकामागून एक भाग बदलीत सुटण्यापूर्वीं दोष नेमका ओळखणें शहाणपणाचें.

इंजिन दिवा मालवावा तसें एकाएकीं बंद पडलें, तर दोष बहुधा विजेचा. हळूहळू शक्ति गमावीत थांबलें, तर पेट्रोलचा. मग टाकीपासून पेट्रोलच्या वाटेनेंच तपास करीत जावें.

प्रथम टाकीचें झांकण उघडावें. पेट्रोल खर्ची पडतें तसतशी त्याच्या जागीं हवा यावी लागते. तिची वाट बुजली, तर टाकींत पोकळी निर्माण होऊन पंपास पेट्रोल ओढतां येत नाहीं. झांकण उघडतांच हवा आंत शिरल्याचा आवाज होऊन गाडी चालूं लागली, तर दोष सांपडला.

नंतर पंपाची परीक्षा. इंजिन थंड झाल्यावर कॉइलला वीज पुरविणारी तार सोडावी, कार्बुरेटरकडे जाणारी नळी बाटलींत धरावी व स्टार्टर फिरवावा. ठोक्याठोक्यानें जोरकस धार आली, तर पंपापर्यंत सर्व ठीक. कार्बुरेटरांतील सुई अडकली असेल किंवा जेटमध्यें कचरा असेल. धार क्षीण असेल, तर गाळणी, नळी व पंप पाहावे. टाकीपासून पंपापर्यंत पेट्रोल ढकललें जात नाहीं, ओढलें जातें. म्हणून तेथल्या फटींतून पेट्रोल गळण्याऐवजीं हवाच आंत शिरते. नळी बाहेरून कोरडी दिसली, एवढ्यानें ती निर्दोष ठरत नाहीं. इंजिनच्या तेलास पेट्रोलचा वास येत असेल, तर पंपाचा पडदा फाटला असण्याचा संभव आहे. तशी गाडी चालवूं नये.

भर उन्हांत पंपांतील पेट्रोलची वाफ होऊनही प्रवाह तुटतो. पंपावर ओलें फडकें ठेवून गाडी निवूं दिल्यावर ती चालूं लागली, तर हेंच कारण समजावें.

आणखी एक गोष्ट. २०२५ सालीं देशांतील पेट्रोलमध्यें इथेनॉलचें प्रमाण शेकडा २० पर्यंत गेलें. जुन्या गाड्यांचें रबर त्यासाठीं बनलेलें नव्हतें. तें फुगतें, चिरतें. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या व पडदा आधींच बसवून घेणें बरें.

हें सर्व काम मोकळ्या हवेंत करावें. जवळ विडी-काडी नसावी, आणि पेट्रोल तोंडानें कधींही ओढूं नये. ठिणगीची किंमत तेरखेड्याच्या कारागिरांस सांगावी लागत नाहीं. मोटारवाल्यानेंही ती विसरूं नये.