गाडी मधेच बंद पडली? कशी बंद पडली ते आधी आठवा



आपला माल दादरला उतरला की पुढे परळ, लालबाग, गिरगावच्या घरांपर्यंत आपलीच पोरं तो मोटारसायकलवर पोचवतात. पावसाळ्यात गाडी रस्त्यात बंद पडली की पालेभाजी मान टाकते, झेंडू काळा पडतो अन् गिऱ्हाईक दुसरीकडे वळतं. म्हणून हा मेसेज शेवटपर्यंत वाचा.

गाडी थांबली की जागेवर किका मारत बसू नका. आधी ढकलत डाव्या कडेला घ्या. मग गाडी कशी थांबली ते आठवा. निम्मा दोष तिथेच कळतो.

*१) झटके देत, दम तोडत थांबली:* पेट्रोल पोचत नाही. कॉक रिझर्व्हला घ्या. टाकीचं झाकण उघडा. सुस्स आवाज आला अन् गाडी चालू झाली, तर झाकणाचं हवेचं बारीक भोक बुजलंय. ते साफ करा.

*२) बटण दाबल्यासारखी एकदम थांबली:* करंटचा दोष. आधी किल स्विच पाहा, चुकून हात लागतो. मग प्लगची टोपी काढून कोरडी पुसा, फ्यूज बघा. बऱ्याच नव्या गाड्या साइड स्टँड खाली असला की बंद होतात. तिथल्या स्विचवर चिखल बसला तर स्टँड वर असूनही गाडी थांबते.

*३) फक्त सिग्नलला थांबते:* आयडलिंग कमी किंवा एअर फिल्टर चोंदलेला. प्लग काळा, काजळी धरलेला असेल तर फिल्टर बघाच.

*४) तापली की बंद, गार झाली की चालू:* बहुधा कॉइल. मेकॅनिककडे न्या.

2020 नंतरच्या इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवल्यावर पंपाचा बारीक आवाज येतो. तो नाही आला तर आधी बॅटरी अन् फ्यूज तपासा.

*हिंदमाताच्या पाण्यात बंद पडली तर?*
हा भाग खोलगट आहे. जोराचा पाऊस अन् भरती एकाच वेळी आली की पाणी लवकर ओसरत नाही. पाण्यात बंद पडलेली गाडी *अजिबात चालू करू नका.* हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरात पाणी असताना स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो अन् इंजिन खोलावं लागतं. गाडी बाहेर काढा, चावी बंद ठेवा. प्लग काढून चार-पाच किका हळू मारा, पाणी बाहेर येईल. एअर फिल्टर सुकवा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर ते बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.

*टाकीत पाणी जाऊ देऊ नका*
आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं. टाकीत जास्त पाणी गेलं तर दोन्ही मिळून तळाशी बसतात अन् इंजिनाला आधी तेच जातं. मग गाडी सुरू होऊन परत परत बंद पडते. अशा वेळी टाकी रिकामी करून घ्या. झाकणाचं रबर फाटलं असेल तर आजच बदला.

सोबत एवढं ठेवा: प्लग पाना, एक चांगला प्लग, फ्यूज, कोरडं फडकं. मुसळधार पावसाच्या दिवशी दादरहून निघण्याआधी भरतीची वेळ बघा. अर्धा तास थांबणं इंजिन खोलण्यापेक्षा स्वस्त पडतं.

घरात जो गाडी चालवतो त्याला हा मेसेज पुढे पाठवा.

— आपली शेतकरी उत्पादक कंपनी