सात किलो मीठ

पहाटे ४.४५

भांडुप पूर्व, रुळांच्या खाडीकडच्या बाजूची चाळ. नळ आलाय. खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाक्या बसवणारे दादा उकिडवे बसून २०० लिटरच्या निळ्या पिंपात पाइप धरून आहेत. पावणेसातला पाणी जातं. आधी घरचं भरायचं, मग धंद्याचं. तीन दिवस हेच चाललंय. आज मुलुंडला माझ्या बहिणीकडे पहिली खाऱ्या पाण्याची टाकी बसवायची आहे. त्यासाठी २०० लिटर पाणी लागणार, आणि तेही नळाचं चालत नाही.

मोरीच्या भिंतीवर चार नळकांडी टांगलीत. पहिल्यात गाळ अडतो, दुसऱ्यात कोळसा क्लोरीन धरतो, तिसऱ्यात आरओचा पडदा, चौथ्यात रेझिन. दादा नळाच्या पाण्यात क्षार मोजणारा मीटर बुडवतात. ६८. मग चौथ्या नळकांड्याखालच्या पेल्यात. शून्य. ‘शून्य आलं की मी पुढचं बोलतो,’ दादा म्हणतात.

एक लिटर असं पाणी निघतं तेव्हा तीन लिटर मागे राहतं. ते गटारात जात नाही. बाहेर शेजारणींचे हंडे-बादल्या रांगेने लागलेत. भांडी, कपडे, लादी, सगळं त्यावर होतं. रात्रभर मोटार घुरघुरते, पण चाळीतून कोणाची तक्रार नाही.

सकाळी ६.२०

वीस-वीस लिटरचे दहा कॅन भरून झाकणं आवळली. दादांचा भाचा आला. वय एकोणीस, रोज ७०० रुपये, जेवण दादांचं. कॅन बाराच्या टेम्पोत चढवायची जबाबदारी त्याची.

आत खाटेवर दादांचे वडील चहा बशीत ओतून पितायत. त्यांची तीस-बत्तीस वर्षं इथल्याच मिठागरात गेली. भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडायचं, उन्हाने आटवायचं, लाकडी फळीने मीठ ओढायचं. पाऊस आला की काम बंद. मला म्हणाले, ‘आम्ही पाण्यातून मीठ काढलं. हा मीठ परत पाण्यात घालतो.’ चेष्टा नव्हती त्यात. कामाची चौकशी करावी तसं बोलले.

सकाळी ७.५०

घाटकोपर. दातांचा दवाखाना उघडायच्या आत टाकी आवरायची. ही चार वर्षांची, दादांनीच बसवलेली. बहिणीची टाकी पुढे कशी दिसेल ते मला इथे दिसलं. दगडांवर बटणांएवढे हिरवे, केशरी जीव दाटीने उघडलेले. झोअँथस. धंद्यात नुसतं ‘झो’ म्हणतात.

दादा कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे चढवतात, मगच हात आत घालतात. ‘यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं. जबरी विष. हाताला चीर असली तर घात. दगड घासायचा नाही, उकळायचा तर मुळीच नाही, वाफेतूनसुद्धा बाधतं.’ घरी पहिल्यांदा टाकी आणणाऱ्याला हे आधी सांगायला हवं. फार थोडे सांगतात.

नळीने २५ लिटर जुनं पाणी काढलं, तेवढंच नवं घातलं. काचेवरची हिरवी साय जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडली. स्किमरचा पेला उपसला. आत बारीक बुडबुड्यांना चिकटून वर आलेली घाण, काळ्या चहासारखी, वास नाकात बसणारा. ‘हे बाहेर आलं नसतं तर माशांच्या अंगावर गेलं असतं.’ पेला दोनदा धुतला. पन्नास मिनिटं. फेरीचे १,२०० रुपये, महिन्याला दोन फेऱ्या. पैसे महिनाअखेर.

सकाळी १०.३०

कुर्ला पश्चिम. माशांच्या दुकानांची गल्ली. पिशव्या फुगवून रबर मारायचा फटफट आवाज सगळीकडे.

खरेदी ठरलेली आहे. अ‍ॅरागोनाइटची वाळू १५ किलो. सिरॅमिकचा सच्छिद्र दगड १२ किलो. मीठ १० किलो, सीलबंद, ३,२०० रुपये. सुटं मीठ स्वस्त पडतं, पण दादा घेत नाहीत. बादलीत क्षार थरांनी बसतात. वरचं काढून दिलं तर कॅल्शियम कुठे कमी, कुठे जास्त.

एका दुकानात शेल्फावर पांढरा, फांद्याफांद्यांचा दगड मांडलाय. मी हात लावला. दादांनी मान हलवली. ‘पोवळ्याचा सांगाडा आहे तो.’ रीफ बांधणारी सगळी कडक प्रवाळं २००१पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. समुद्रपंखा आणि समुद्रघोडासुद्धा. मेलेलं, वाळलेलं असलं तरी सुटका नाही. दादा मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात उतरून जिवंत प्रवाळ बघून आलेत. ‘ते तिथेच बरं,’ एवढंच म्हणाले. बहिणीच्या टाकीत पुढे मऊ अंगाचे जीव येतील, तेही बिल दाखवणाऱ्याकडून.

दुकानदार ओळखीचा. ‘आज सेटिंग ना? नीमोची जोडी बांधतो, एक डोरी. तुमचे पंधरा टक्के.’ डोरी म्हणजे निळा टँग, वाढला की फूटभर होतो, तीन फुटी टाकीत त्याला वळायला जागा नाही. नीमो म्हणजे क्लाऊनफिश. तो चालतो, आणि आता हॅचरीत जन्मलेला मिळतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या पैदाशीचं तंत्र बसवलंय. ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानच्या केंद्रातही हॅचरी आहे. समुद्रातून धरलेल्यापेक्षा हा टाकीत लवकर रुळतो. ‘पण आज नाही,’ दादा म्हणाले. ‘सव्वा महिन्याने.’ दुकानदाराने खांदे उडवले. तीन माशांचे पंधरा टक्के, म्हणजे साडेपाचशेच्या आसपास, तिथेच राहिले.

दुपारी १२.१५

मुलुंड पूर्व. टेम्पोचे १,१०० रुपये. लिफ्ट आहे, पण वॉचमन पाण्याचे कॅन आत घेऊ देत नाही. तिसरा मजला. भाचा टॉवेलची चुंबळ करून एक कॅन डोक्यावर घेतो, दुसरा हातात. दादा एकेक नेतात. त्यांच्या गुडघ्याला पट्टा आहे. मी वाळूची पिशवी उचलली, दुसऱ्या मजल्यावर टेकवली.

टाकी आणि स्टँड काल संध्याकाळीच आलेत. तीन फूट लांब, दीड रुंद, दीड उंच, काच १० मिलिमीटर. नुसती काच ४० किलो. पाणी, वाळू, दगड धरून सगळं अडीचशे किलोच्या घरात जाणार. बहिणीला ती खिडकीत हवी होती. दादांनी भिंतीवर बुक्की मारत बीम शोधला आणि आतल्या भिंतीला लावली. खिडकीतलं ऊन नको, शेवाळ माजतं.

मग पाणसळ. लांबीला ठेवली, रुंदीला ठेवली, कर्णात ठेवली. बुडबुडा डावीकडे जातोय. एका पायाखाली पॅकिंगची पट्टी. परत पाणसळ. परत पट्टी. यात वीस मिनिटं गेली. ‘गवंडी एक सूत सोडतो, पाणी सोडत नाही. वरची कड वाकडी दिसली की मालकाला आयुष्यभर तेच दिसतं.’

दुपारी १.४०

बहिणीच्या सासूबाईंनी पानं मांडली. आमटी, भात, कोबीची भाजी. दादांनी हात तीनदा धुतले. साबण मात्र दुपारी टाकीला हात लावायचा म्हणून टाळला.

दुपारी २.१०

आधी दगड, मग वाळू. लोक नेमकं उलटं करतात. वाळूवर ठेवलेल्या दगडाखाली पुढे एखादा मासा बीळ खणतो आणि दगड काचेवर येतो. दादा दगड थेट तळाच्या काचेवर टेकवतात, हलवून बघतात, काढतात, फिरवतात. मागच्या काचेपासून चार बोटं जागा सोडतात, पाणी मागूनही फिरायला हवं. दोन कमानी, मध्ये खिंड. बहिणीच्या मुलीने, माझ्या भाचीने, खिंडीतून हात घालून बघितला. सातवीत आहे. हट्ट तिचाच होता. मे महिन्याची सुट्टी आणि वर्षभराचे साठवलेले २,१०० रुपये तिने यात घातलेत.

वाळू पाच पाण्यांनी धुतली तरी सहावं पाणी दुधासारखं. मग दगडांच्या भोवती पसरली. मध्ये स्टीलची ताटली उपडी ठेवली आणि तिच्यावर कॅन रिकामा केला, म्हणजे वाळू उखडत नाही. सहाव्या कॅननंतर दगड बुडाले.

दुपारी ३.३०

आता मीठ. वर दीडशे, खालच्या छोट्या टाकीत, म्हणजे संपमध्ये, चाळीस, मिळून १९० लिटर. लिटरला ३६ ग्रॅम धरलं तर सात किलोला जरा कमी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर किलो-किलो मोजून भगुण्यात घेतलं. टाकीत पंप चालू करून दादा मूठमूठ सोडतात. पाण्यात मीठ घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही. तसं केलं तर क्षार फुटून तळाला चुना बसतो.

सासूबाईंनी विचारलं, घरातलं खडे मीठ का नाही? बरोबर प्रश्न होता. दादा थांबले, हात पुसले. ‘आई, माझा बाप मीठ करायचा. मिठागरात मीठ बसतं तेव्हा मॅग्नेशियम वरच्या पाण्यात राहतं, ते पाणी आम्ही सोडून द्यायचो. कॅल्शियम त्याच्या आधीच बसतं. हाताला येतं ते बहुतेक सोडियम क्लोराइड. भाजीला पुरतं. समुद्राला नाही पुरत.’ आणि चौपाटीचं पाणी आणावं तर त्यात शहराचं सांडपाणी, पावसाळ्यात खारटपणाही पातळ.

दीड तासाने एक थेंब काचेच्या तिरक्या तुकड्यावर. दादा रिफ्रॅक्टोमीटर डोळ्याला लावून खिडकीकडे वळले. निळी रेघ १.०२३वर. चारशे ग्रॅम अजून. पंप फिरू दिला. पुन्हा थेंब. १.०२५. मला बघायला दिलं. निळं आणि पांढरं जिथे मिळतं ती रेघ वस्तऱ्याने कापल्यासारखी स्वच्छ होती. पुढचं सगळं त्या रेघेवर आहे. भाचीला दादांनी एकच गोष्ट पाठ करायला लावली: रोज पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून भर घालायची ती बिनमिठाच्या शुद्ध पाण्याची.

पाणी ३१ अंशांवर होतं. चिलर १८,००० रुपयांचा, बहिणीला यंदा झेपणारा नाही. दादांनी आग्रह केला नाही. दोन छोटे पंखे पाण्यावर तिरके लावले. २८पर्यंत उतरेल. बदल्यात दिवसाला तीनेक लिटर पाणी उडेल.

संध्याकाळी ५.३५

‘लाइट घालवा.’ बहीण बघतच राहिली. सगळं नुकतं सुरू झालं होतं.

सहा-सात वर्षांपूर्वी दादांनी बसवलेल्या एका टाकीत रात्री वीज गेली. पंप थांबला, वर जाणाऱ्या पाइपातून पाणी उलटं खेचलं गेलं, खालचा संप भरून वाहिला. लाकडी फरशी फुगली. दादांनी ११,००० रुपये हप्त्याने भरले. तेव्हापासून ते पाइपाला पाण्याच्या पातळीलगत एक भोक पाडतात, म्हणजे पातळी उतरली की भोक हवा घेतं आणि खेच तुटते.

बटण बंद. घर एकदम शांत. पाणी पाइपातून खाली उतरायला लागलं. दादा संपपुढे आडवे झाले, टॉर्च तोंडात. पातळी चढतेय. दोन बोटं. चार बोटं. वरून भोकाने सुर्रकन हवा ओढली. पातळी थबकली, कडेपासून तीन बोटं खाली. दादांनी काळ्या मार्करने काचेवर रेघ मारली. ‘याच्या वर कधी भरायचं नाही.’ मग वायरी. प्रत्येक वायरीला सॉकेटच्या खाली झोळ, म्हणजे ओघळ आला तर जमिनीवर पडेल, प्लगात जाणार नाही. तीनदा बटण बंद केलं, तीनदा चालू केलं.

संध्याकाळी ६.५०

सासूबाईंनी सकाळच्या बाजारातून दादांच्या सांगण्यावरून एक कोळंबी वेगळी ठेवली होती. ती जुन्या पायमोज्यात बांधून दगडामागे सोडली. भाची म्हणाली, ‘कोणासाठी?’

‘जिवाणूंसाठी. ती कुजेल, अमोनिया होईल. एका जातीचे जिवाणू तो खाऊन नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. ते दगडाच्या भोकांत घर करतात. त्यांची वस्ती झाली नाही तर मासे स्वतःच्याच घाणीने मरतात.’ चार ते सहा आठवडे. मध्ये वाळूवर तपकिरी साय येईल, घाबरायचं नाही. दर रविवारी चाचणीच्या नळीत रंग बघायचा. हिरवट म्हणजे अमोनिया आहे, पिवळा म्हणजे संपला.

‘सव्वा महिना,’ सासूबाई म्हणाल्या. ‘बाळंतीण उठते तेवढे दिवस.’ भाचीने कॅलेंडरवर जूनचं पान उलटून एका तारखेला गोल केला.

बसवायचे ४,५०० रुपये बहिणीने हातावर ठेवले. त्यातून भाच्याचे ७००, टेम्पोचे १,१००. मीठ, वाळू, दगड बिलाप्रमाणे वेगळे, वर दहा रुपयेसुद्धा लावलेले नाहीत.

रात्री ९.३०

नाहूर गेलं, भांडुप आलं. मी दादांबरोबर उतरले, छत्री त्यांच्याकडे राहिली होती. रिकामे दहा कॅन सुतळीने ओवून भाच्याने टेम्पोतून आधीच पाठवलेत.

वडील जागे होते. ‘किती लागलं?’

‘सात किलो. वर चारशे ग्रॅम.’

म्हातारबाबांनी आकडा मनात घोळवला. ‘चालेल,’ म्हणाले, आणि कुशीवर वळले.

दादांनी पालथ्या पिंपाची कड फडक्याने पुसली. मोबाइल वाजला. माझ्या भाचीचा होता. पंख्याचा आवाज येतोय, पाणी अजून दुधाळ आहे, काही बिघडलं का? ‘नाही गं. उद्या दुपारपर्यंत निवळेल. झोप तू.’ मग पावणेपाचचा गजर लावून फोन चार्जिंगला ठेवला.