निकामी जनुकाने दाखवलेलं औषध

रक्तातलं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, यकृताच्या पेशींवरचे रिसेप्टर पकडून आत ओढतात. पीसीएसके९ हे प्रथिन या रिसेप्टरांचीच विल्हेवाट लावतं. ते अति सक्रिय झालं, की एलडीएल रक्तात साठतं. २००३मध्ये फ्रेंच संशोधकांना काही कुटुंबांत नेमका हाच दोष सापडला.

मग हे प्रथिन बनवणारं जनुक निकामीच असेल तर? अमेरिकेतल्या मोठ्या पाहण्यांनी याचं उत्तर दिलं. डॅलसमध्ये हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी अशी माणसं शोधून काढली. नंतर हजारो लोकांच्या पंधरा वर्षांच्या नोंदी तपासल्या गेल्या. जनुक निकामी असलेल्या कृष्णवर्णीयांत एलडीएल सरासरी २८ टक्के कमी होतं. हृदयधमनीविकाराचा धोका मात्र तब्बल ८८ टक्के कमी! एलडीएल जन्मापासून कमी असण्याचा हा फायदा.

औषध कंपन्यांना लक्ष्य सापडलं. २०१५मध्ये या प्रथिनाला अडवणारी अलिरोक्युमॅब आणि इव्होलोक्युमॅब ही इंजेक्शनं अमेरिकेत मंजूर झाली. ती महाग आहेत; उपचाराची सुरुवात सहसा आजही स्टॅटिनच्या गोळीनेच होते. घरात कुणाला कमी वयात हृदयविकाराचा झटका आला असेल, तर बाकीच्यांनी कोलेस्टेरॉल जरूर तपासून घ्यावं.