विजेवरील मोटार : कुलूप फोनचे आणि कार्डाचे
वाराणसीच्या रामघाटापर्यंत मोटार जात नाही. ती दूर उभी करून गल्ल्यांतून पायी जावे लागते. मग कुलूप खरोखर लागले काय, ही शंका पाठ सोडत नाही.

१५ जुलै २०२५ रोजी मुंबईत भारतातील पहिले दालन उघडणाऱ्या टेस्लाच्या ‘मॉडेल वाय’मध्ये फोन ब्लूटूथद्वारे किल्लीचे काम करतो, मोबाईल नेटवर्क लागत नाही. तशी सोय निवडली असल्यास मालक दूर जाताच कुलूप आपोआप लागते. कार्डाचे तसे नाही. ते चालकाच्या दारामागील खांबावर टेकवावेच लागते.

स्नानाला जाताना फोन गाडीतच ठेवल्यास मात्र आपोआप कुलूप लागत नाही. तेव्हा फोनचे ब्लूटूथ बंद करून कार्ड वापरावे. त्याला बॅटरी नसते. फक्त ओल्या वस्त्रांत ते विसरू नये.